ताटीपलीकडचा गारवा

"वहिनी, गोधडी आण! दोन आण! माय थरथर कापून राहिली!"

बेबी अंगणातून ओरडली तेव्हा मी चुलीपाशी बसून पन्ह्यासाठी कैऱ्या उकडत होते. मे महिना, भर दुपार, वर टिनाचं छप्पर, आणि ही बया गोधड्या मागते! मला वाटलं, पोरगी थट्टा करते आहे. तिला तशी खोडच होती. पण पुन्हा हाक आली ती रडक्या आवाजात, तशी मी हातातली पळी टाकून बाहेर पळाले.

बेबी म्हणजे बेबीनंदा, माझी धाकटी नणंद. आणि माय म्हणजे माझी सासू, सरजाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. अंगणात बाजेवर लुगडं अंथरून कुरडया वाळत घातल्या होत्या, त्या बाजेच्या पायाशी आत्याबाई आडव्या झाल्या होत्या. बेबीनं दोरीवरची जाड चादर ओढून त्यांच्यावर घातली होती आणि वरून हातानं दाबून धरली होती.

मी त्यांच्या कपाळाला हात लावला आणि झटकन मागं घेतला. तवाच तो. चेहरा लालबुंद, ओठ कोरडेठाक. सकाळपासून उन्हात राबलेल्या बाईच्या अंगावर घामाचा टिपूस नव्हता. दिसायला हवा होता घाम, आणि चोळीसुद्धा कोरडी.

"काढ ती चादर!" मी ओरडले.

"वहिनी, ताप हाये तिले. थंडी वाजून राहिली."

"ताप नाही तो बेबी, ऊन लागलं आहे. काढ म्हणते ना!"

मी एवढी ठासून बोलले, कारण मी हे पाहिलेलं होतं. अकोल्याला माझे नामदेवकाका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. मी शाळकरी असताना असेच एकदा मेमध्ये त्यांना चौघांनी उचलून घरी आणलं. आजीनं दारं लावून घेतली, गोधड्यांवर गोधड्या घातल्या, आणि उशाशी बसून म्हणत राहिली, आता घाम फुटेल, ताप उतरेल. घाम काही फुटला नाही. डॉक्टर आले तोवर काका गेले होते. "गोधड्यांऐवजी पाणी ओतलं असतं तर बरं झालं असतं," असं डॉक्टर दारात उभं राहून माझ्या वडलांना म्हणाले, ते मी आजीच्या पदरामागून ऐकलं. ते वाक्य कानात बसलं ते बसलंच.

आत्याबाईंना ऊन लागणार नाही तर कुणाला लागणार, तेही सांगते. बाई कष्टाळू, पण हट्टी! पहाटेपासून गव्हाचा चीक घाटला, मग साच्यातून एकेक कुरडई बाजेवर पाडत होत्या. कमरेला कांदा खोचलेला. कांदा जवळ असला की ऊन बाधत नाही, अशी त्यांची खात्री. आणि पाण्याचा त्यांचा एक वेगळाच कायदा होता. उन्हातून आल्याबरोबर पाणी प्यायचं नाही, अंगातलं ऊन उतरलं की प्यायचं. कायदा ऐकायला बरा आहे. पण त्यांचं ऊन उतरायच्या आत त्या पुन्हा उन्हात जायच्या! म्हणजे दिवसभर पाणी नाहीच. मी सकाळी दोनदा तांब्या नेला, तर दोन्ही वेळा म्हणाल्या, "ठेव तठी, मंग पितो." आमच्या वऱ्हाडात बायाही 'पितो', 'जातो' असंच बोलतात.

"पाणी आण," मी बेबीला म्हटलं. "असेल नसेल तेवढं आण, अंगावर ओतायचं आहे."

बेबी घरात धावली आणि रिकामा हंडा हलवत परत आली. रांजणातलं पाणी गहू धुण्यात आणि चीक गाळण्यात संपलं होतं. अंगणात एक लोखंडी ड्रम होता, त्यात पाणी होतं अर्धं. मी त्यात तांब्या बुडवला तर बोटांना चटका बसला. आंघोळीला काढावं इतकं कढत पाणी. ते या बाईच्या अंगावर कसं ओतायचं?

"विहिरीचं पाहिजे," मी म्हटलं.

आम्ही दोघींनी एकदमच मान वळवली.

समोर, अंगणाच्या कडेला, आमचा पानमळा होता. विड्याच्या पानांचा. सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या उघड्याबोडक्या माळावर तेवढा एकच हिरवा चौकोन. बाहेरून बघणाऱ्याला दिसायची ती उंच कुडाची भिंत आणि तिच्यावरून डोकावणारे शेवरीचे शेंडे. कुडाला एक अरुंद दार होतं, बांबूच्या कांबांचं. त्याला ताटी म्हणायचे. विहीर त्या ताटीच्या आत होती. घरचं पाणी पुरुष माणसं सकाळी तिथूनच कावडीनं आणून रांजणात ओतत.

आणि आमच्या घरच्या बाया त्या ताटीच्या आत पाऊल टाकत नसत.

नागवेल म्हणजे लक्ष्मी, ती विटाळ सोसत नाही, असं आमच्या लोकांत मानतात. पुरुषसुद्धा आंघोळ केल्याशिवाय आत जात नाहीत, पायताण बाहेर काढतात. इतर घरच्या बाया आपले चार दिवस पाळतात आणि एरवी आत जाऊन पानं खुडतात. पण आमच्या घराण्यात कोण्या एका जुन्या सुनेच्या वेळी मळा जळला म्हणे. तेव्हापासून नेमच करून टाकला. वयात आलेली लेक आणि घरात आलेली सून, दोघींनाही ताटी बंद. चार दिवस नाही, बाराही महिने. आणि हा नेम मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, जितका पाळला त्याच्या दुपटीनं आत्याबाईंनी पाळला. जेवणाची टोपली रोज त्याच घेऊन जायच्या. ताटीपाशी ठेवायच्या, हाक मारायच्या, उभ्या राहायच्या आणि परत यायच्या. मला नेऊ देत नसत. म्हणायच्या, "तुम्ही पोरीबाळी, पाय वाकडा पडला त?"

लग्न होऊन आले तो माझा पहिला उन्हाळा. काय सांगू! वर टिन तापलेलं, भिंती तापलेल्या, जमिनीला पाठ टेकवावी तर जमीन तापलेली. मी आणि बेबी दुपारी ओली फडकी डोक्यावर घेऊन पडायचो आणि कुडाच्या पलीकडून पाटाच्या पाण्याचा आवाज ऐकायचो. बेबी लहानपणी आत खेळलेली. मी तिला विचारायची, आत कसं आहे गं? ती डोळे मिटून सांगायची, "वहिनी, बाहेर जाळ असू दे, आत गेलं की अंगावर काटा येते गारव्यानं. हिवाळ्यासारखा." मला खरं वाटायचं नाही. पण ऐकायला आवडायचं, आणि मी पुन्हा पुन्हा विचारायची. जीव कसा तरसायचा त्या एका सावलीसाठी, ते आज पंखा लावून बसलेल्या माणसाला नाही कळायचं.

तर त्या दिवशी बाजार होता. मामाजी आणि आमचे हे पानांच्या करंड्या घेऊन परतवाड्याला गेले होते, गडीही त्यांच्याबरोबर. गाव लांब. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी ताटीपाशी जाऊन आत हाका मारल्या, "आहे का कुणी?" आतून फक्त एक पाखरू बोललं.

मागं वळून पाहिलं तर आत्याबाईंचे डोळे पांढरे झाले होते.

"बेबी, धर पायाकडून. पाणी आणत बसायला वेळ नाही, आत नेऊ."

"आत?" बेबी मागं सरकली. "वहिनी, बाबा जीव घेतीन आपला. येल जळला त? साऱ्या घराचं पोट हाये त्या येलावर."

"आणि माय गेली तर?"

बेबी रडायलाच लागली. तिचंही चुकत नव्हतं. वेल जळला असता तर जन्मभर तिच्या नावानं बोटं मोडली असती लोकांनी, आणि माझ्या नावानं तर विचारूच नका. मी परक्या घरून आलेली, वर्ष झालं नव्हतं लग्नाला. मला माहेरी पोचतं केलं असतं. भीती मलाही वाटत होती. पण नामदेवकाकांचं तोंड डोळ्यांपुढून हलेना.

"तू नको येऊ," मी म्हटलं. "मी एकटी ओढत नेते. विचारलं तर सांग, मी आडवी आले होते, वहिनीनं ऐकलं नाही."

यावर बेबीनं नाक पुसलं आणि माझ्याकडं असं रागानं पाहिलं! "माय काय तुयी एकटीची हाये का?" म्हणाली, आणि बाजेवरचं लुगडं एका हिसक्यात ओढलं. सकाळपासूनच्या कुरडया भुईवर भसकन सांडल्या.

तेवढ्यात आत्याबाईंचे ओठ हलले. "माह्या कुरडया..." असं काहीतरी पुटपुटल्या. जीव जायची वेळ, आणि बाईला कुरडया दिसतात! मला त्याही वेळी हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं.

आम्ही त्यांना लुगड्यावर घेतलं आणि चारही टोकं धरून निघालो. भुई अशी तापलेली की बेबी अनवाणी नाचत होती. ताटीपाशी आलो तशा आत्याबाई एकदम हात झाडायला लागल्या. कुठून कळलं कोण जाणे, डोळे तर मिटलेले होते. "नको, नको... मळ्यात नको... येल जळन..." आणि हातानं ताटीचा बांबूच पकडला. ताप चढलेल्या माणसाच्या हाताला केवढा जोर असतो! मी एकेक बोट सोडवलं. ते करताना मला कसं वाटलं, ते मी आजवर कुणाला सांगू शकले नाही. सासूचा हात मी त्याआधी कधी धरलाच नव्हता.

ताटी लोटली. आत गेलो.

बेबी खरं सांगत होती. अंगावर काटा आला.

इतक्या वर्षांनी सांगते आहे, पण बघा, आताही येतो आहे. बाहेरचा तो भगभगता उजेड कुठं गेला कळलंच नाही. आत सगळा उजेड हिरवा. शेवरीच्या खोडाखोडावर वेल चढलेले, पानावर पान, पानावर पान. पायाखाली ओली माती. आणि वास! विड्याचं पान हातात चुरगळल्यावर येतो तो नव्हे, त्याहून हलका, ओला. मी क्षणभर विसरलेच की हातात माझी सासू आहे. विसरले, ते विसरलेच म्हणते, त्यात लाज कसली.

"वहिनी, पाट!" बेबीनं भानावर आणलं.

वेलांच्या ओळींमधून पाट होता, सकाळी सोडलेल्या पाण्यानं घोट्याएवढा भरलेला. आम्ही आत्याबाईंना त्या पाटातच निजवलं. डोकं माझ्या मांडीवर घेतलं. चोळीची गाठ सोडली, केस सोडले. बेबी ओंजळी भरभरून मानेवर, काखेत, पोटावर पाणी टाकत होती, मी भिजलेल्या पदरानं वारा घालत होते. तोंडात मात्र पाणी घातलं नाही. शुद्धीत नसलेल्या माणसाला पाजलं तर ठसका लागून जीव जातो, एवढं तरी ठाऊक होतं. बेबी मध्येच विचारायची, "श्वास चालू हाये ना?" मी म्हणायची, "चालू आहे, तू टाक पाणी."

किती वेळ गेला, देव जाणे. हात दुखून आले. अंग जरा निवल्यासारखं वाटायचं, पुन्हा कढत लागायचं. मी सगळ्या देवांची नावं घेतली. त्या वेलालाही म्हटलं, बाई लक्ष्मी, जळायचं तर जळ, पण आजचा दिवस थांब.

मग आत्याबाईंनी डोळे उघडले.

वर पाहिलं. बराच वेळ नुसत्या वरच पाहत राहिल्या, पानांमधून उजेडाचे कवडसे हलत होते तिकडं. मग माझ्याकडं वळल्या. ओळख नव्हती त्या डोळ्यांत. मी कोण, कुठली, काही नाही.

"माय," त्या मला म्हणाल्या.

बेबी माझ्याकडं बघायला लागली. मी तिला खुणेनं गप्प केलं. "काय वं?" मी म्हटलं.

"एवढं गार असते काय वं माय अठी?"

आवाज आत्याबाईंचा नव्हताच. त्यांचा आवाज कसा, हुकमी, खणखणीत. हा एखाद्या नव्या नवरीचा आवाज होता. त्या हळू बोलत होत्या, कुणी ऐकेल म्हणून.

"मले लय दिवसाचं यायचं होतं," त्या म्हणाल्या. "लग्न झालं तवापासून. पन सासू येऊ देत नाही. मी टोपली घेऊन येतो ना, तवा ताटीखालून वारा येते गार गार. मी थो पायावर घेतो. उगीच उभी राहतो. कोनाले सांगू नको हं."

बेबीनं तोंडात पदर कोंबला होता.

"नाही सांगत," मी म्हटलं.

"मले अजून थोडं अठीच राहू दे. सासू हाक मारीन त सांगजो, आली म्हना."

आणि त्यांनी माझ्या मांडीवर गाल टेकवला, हात पाण्यात सोडला आणि डोळे मिटले. मी वाकून पाहिलं, तर कपाळावर बारीक बारीक थेंब. बोटानं पुसले, पुन्हा आले. पाटाचं पाणी नव्हतं ते. "घाम!" मी ओरडले, "बेबी, घाम फुटला गं, घाम!" आणि आम्ही दोघी त्या चिखलात एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडलो, की वेल जळो नाहीतर काही होवो.

मामाजी आणि हे परत आले तेव्हा अंगणात कुरडया सांडलेल्या, चुलीवर कैऱ्या करपलेल्या, आणि ताटी सताड उघडी. दोघं धावतच मळ्याशी आले. मामाजींनी ताटीपाशी सवयीनं वहाणा काढल्या आणि मग आम्हाला पाहिलं. माझ्या पायात चपला तशाच होत्या, मला तेव्हा दिसल्या. मी मनाशी म्हटलं, संपलं.

मामाजी चिखलात बसले, आत्याबाईंच्या कपाळावर हात ठेवला. "सरजे," म्हणाले. घरात कधी कुणी त्यांना नावानं हाक मारलेली मी ऐकली नव्हती. त्यांनी डोळे उघडले नाहीत, पण हुं केलं. मामाजींनी तोंड फिरवून मुलाला सांगितलं, "जीप पाह्य कोनाची भेटते त. जाय लवकर."

तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लावलं. तिथल्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "गार पाण्यात ठेवलं म्हणून वाचल्या तुमच्या सासूबाई." मी मान खाली घातली. मामाजी शेजारीच उभे होते. दवाखान्यातून निघताना ते एवढंच म्हणाले, "सूनबाई, मळ्यात गेल्या त गेल्या. माहं काही म्हननं नाही. पुढं लक्ष्मीची मर्जी."

आत्याबाई घरी आल्या, बाजेवर बसल्या, माझ्या हातचं पन्हं प्यायल्या. मग बेबीनं त्यांना सगळं सांगितलं. म्हणजे सगळं नाही. मळ्यात नेलं, पाटात निजवलं, इतकंच.

"मळ्यात? मले?" त्यांनी फुलपात्र खाली ठेवलं. "आत?"

"हो आत्याबाई."

मला वाटलं, आता तोफ सुटणार. पण त्या कुडाकडं बघत बसल्या. मग म्हणाल्या, "मले त काहीच आठोत नाही व. कुरडया पाडत होतो, अन् मंग दवाखान्याचा पंखा. मधलं काहीच नाही."

कपाळ ताणून आठवू पाहत होत्या. सगळं आयुष्य ज्या ताटीपाशी उभं राहून काढलं, तिच्या आत एकदा गेल्या, आणि नेमकं तेवढंच देवानं पुसून टाकलं. असा कसा हो देव!

दुसऱ्या दिवशी त्यांनी ताटीपुढं नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि नेम होता तसा लावून दिला. वेलाला काही झालं नाही. दरवर्षी लागायची तशीच पानं लागली. मामाजी एकदा आपण होऊन म्हणाले, "चाल, दाखवतो तुले आतून. काही होत नाही." तर बाई ताडकन म्हणाल्या, "जीव जात होता म्हनून गेली मी. आता काय जीव जाते काय?"

पण दुपार झाली, झळा सुरू झाल्या, बेबी आणि मी फडकी घेऊन पडलो, की आत्याबाई माझ्याजवळ येऊन बसायच्या. थोडा वेळ इकडचं तिकडचं. मग हळूच, "शशी, सांग ना. आत कसं होतं?"

मी सांगायची. उजेड कसा हिरवा होता, माती कशी ओली होती. त्या डोळे मिटून ऐकायच्या. बेबीचं लग्न होऊन ती गेली, माझी लेकरं झाली, तरी मे लागला की हे चालूच. मीही एकदाच आत गेले होते, तेही धड पाहिलं नव्हतं. मग काय करणार? थोडं थोडं वाढवून सांगत गेले. पाखरं घातली, फुलं घातली. त्यांना सांगता सांगता माझंही मन भरून यायचं. आम्ही दोघी टिनाखाली घामानं निथळत बसलेल्या आणि पन्नासेक पावलांवरच्या जागेची आठवण काढत असलेल्या, सात समुद्रांपलीकडच्या माहेराची काढावी तशी. एकदा त्यांनी विचारलं, "अन् मी काही बोलली काय वं तठी?"

"नाही आत्याबाई. गाढ झोपल्या होत्या."

ते मी कधीच सांगितलं नाही. टोपली मात्र शेवटपर्यंत त्यांनाच नेऊ दिली, आणि यायला वेळ लागला तर हाक मारली नाही.

पुढं मामाजी गेले. विहिरीचं पाणी खोल गेलं, मग आटलंच. पाण्याशिवाय नागवेल कशी जगणार? दोन उन्हाळे ह्यांनी टँकर घालून पाहिले, मग हात टेकले. वेल काढले, शेवरी तोडली, कूड मोडून सरपणाला घातला. ट्रॅक्टर फिरवून जमीन सपाट केली, तुरीसाठी. मळा होता की नव्हता, असं झालं.

त्याच मेमधली गोष्ट. आत्याबाई आता काठीनं चालत होत्या. दुपारी मला म्हणाल्या, "शशी, चाल व."

"कुठं? बाहेर आग ओकते आहे."

"येल नाही, ताटी नाही, मंग आता नेम कोनाचा?"

आणि निघाल्या. मी मागून धावले. जिथं ताटी होती तिथं त्या थांबल्या, काठी बगलेत धरून पायातल्या चपला काढल्या, आणि आत गेल्या. आत म्हणजे कुठं, नुसतं नांगरलेलं वावर. ढेकळं. पांढरं ऊन. त्या मधोमध उभ्या राहून चहूकडं बघत होत्या. मला बघवेना.

"कुठी निजवलं होतं मले?" त्यांनी विचारलं.

मला कुठं आठवत होतं! ना पाट, ना झाड, कशावरून सांगणार? पण त्या माझ्या तोंडाकडं अशा बघत होत्या. मी चार पावलं पुढं गेले आणि एका ठिकाणी बोट दाखवलं.

"इथं."

त्या काठी टेकत तिथवर आल्या. गुडघ्यांवर हात देऊन हळूहळू खाली बसल्या, ढेकळांवर तळहात टेकवला. तापली होती ती माती, मला चपलेतून कळत होतं. त्यांनी डोळे मिटले.

"हाव," त्या म्हणाल्या. "अठीच. आता आठोलं."

मी पदर पसरून त्यांच्या डोक्यावर सावली धरली. उठा आता, ऊन लागेल, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हणणं माझ्या जिवावर आलं.